साखर उतरली

शेवाळ घासून काढायचं असतं, खायचं नसतं, एवढं ज्ञान मला पन्नाशीपर्यंत पुरलं. न्हाणीच्या फरशीवर आलं की ब्रश, माठाच्या बुडाला आलं की राख आणि विहिरीच्या पायरीवर आलं की "सांभाळून गं बाई". हेच शेवाळ मी पुढं चमच्यानं नवऱ्याच्या तोंडात घालणार आहे, असं मला बोहल्यावर कुणी सांगितलं असतं, तर मी अंतरपाट खाली येऊ दिला नसता.

पण डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "विश्वंभरराव, साखर अशीच राहिली तर पुढच्या खेपेला सुई सुरू करावी लागेल." आमचे हे वसमतजवळच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या अंगावर येत असताना ढळत नाहीत, पण सुई म्हटलं की चेहरा चुन्यासारखा होतो. कारखान्यात साखर नि घरी साखर, हा विनोद वसमतमध्ये प्रत्येकानं एकदा तरी केलेला आहे आणि प्रत्येकाला वाटतं की तो त्यालाच सुचला. हसायचं काम माझ्याकडं.

मला भीती सुईची नव्हती. मला थोरल्या दिरांची आठवण होती. त्यांनाही साखरच. आधी पायाची करंगळी गेली, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. माणूस एकदम जातो हे आपण ऐकलेलं असतं. ते हप्त्याहप्त्यानं गेले. तेराव्याला फोटो ठेवला, तो कमरेपर्यंतचाच होता. हात जोडणारा प्रत्येक जण फोटोच्या चौकटीखाली एकदा बघून घेत होता. आणि आता ह्यांच्या उजव्या अंगठ्याला चप्पल घासून झालेली एक जखम होती, जी वाळायचं नाव घेत नव्हती. रोज सकाळी चहाच्या आधी मी तो अंगठा बघायची. ह्यांना अख्खं ठेवायचं, एवढाच माझा हट्ट होता. बाकी सगळं त्यातनं झालं.

आमची जाई पुण्याला असते, नोकरीला. तिनं एक व्हिडिओ पाठवला. कोमट, खाऱ्या, सोड्याच्या पाण्यात वाढणारं एक बारीक हिरवं शेवाळ, नाव स्पिरुलिना. त्यात म्हणे डाळीहून जास्त प्रथिनं, काही लोकांची साखर त्यानं थोडी उतरलेली दिसली, पोटातल्या चांगल्या जंतूंना ते मानवतं. "आई, हे पूरक म्हणून हं," जाई फोनवर म्हणाली. "गोळ्यांच्या जागी न्हाई. आणि आधी डॉक्टरांना विचार." मी 'पूरक'पर्यंत ऐकलं. पुढचं ऐकायला मी जागेवर नव्हते. मी गच्चीवर ऊन कुठून कुठं फिरतं ते बघायला गेले होते.

माझं शिक्षण दहावी, पण वाचन म्हणाल तर वाणसामानाच्या पुड्यापासून कायद्याच्या पुस्तकापर्यंत. आपल्या आपण शिकलेल्या माणसाचा एक तोटा असतो. त्याला नापास करायला कुणी नसतं.

शेवाळाचं बियाणं परभणीहून एसटीच्या पार्सलनं आलं. पाच लिटरच्या कॅनमध्ये हिरवंगार पाणी. स्टँडवरच्या पार्सलवाल्यानं ते नाकाला लावलं, मग लांब धरलं. "बाई, ह्याच्यात काय मेलं?" मी म्हटलं, "उलट जगून राहिलंय." त्यानं ते माझ्याकडं असं सरकवलं, जसं काही ते जिवंत आहे हेच त्याला नको होतं.

गच्चीवर विटा रचल्या, त्यावर हळद वाळवायची जुनी ताडपत्री अंथरली, झाला हौद. पाणी, मीठ, खायचा सोडा आणि कॅनमधली संपत्ती. सोडा इतका लागला की पुनमचंदशेठनी दुकानाच्या गल्ल्यावरून विचारलं, "वहिनी, भज्यांचा गाडा टाकला की काय?" पुनमचंदशेठ म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा. त्यांना एक खबर दिली की ती अर्ध्या वसमतला तेलासोबत जाते.

शेजारी मनकर्णाबाई. आमच्या गच्चीला त्यांची गच्ची लागून. गावाकडं भरपूर जमीन, इथं पोराचा हळदीचा व्यापार, म्हणून त्या आणि त्यांची सून कोमल शहरात आलेल्या. मनकर्णाबाईंना शहरात करमत नव्हतं, आणि माझ्या हौदानं ती अडचण सोडवली.

"साधनाबाई, काहून पाणी सडवून राहिल्या?"

"सडवत न्हाई, पिकवून राहिले."

"पाणी पिकवता?" त्या कठड्यावर रेलल्या. "अवं, आमच्या हिरीत इतकं शेवाळं हाय, एक शब्द टाकला असता तर ट्रॅक्टर भरून आणलं असतं की."

"ते वेगळं. हे खायचं."

"म्हशीला?"

"ह्यांना."

मनकर्णाबाई बराच वेळ ह्यांच्या वाळत घातलेल्या बनियनकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मानूस चांगला हो तुमचा. काई बोलत न्हाई."

बोलत नव्हते असं नाही. हौद ढवळायला लागायचा, ते काम मी ह्यांना दिलं होतं, कारण हालचालीनंही साखर उतरते. मोठी रवी घेऊन गच्चीवर उभं राहून ते म्हणायचे, "अगं, मी काट्यावरचा बाबू हाय का ताक करणारी गवळण?" पण ढवळायचे. रोज.

पहिलं पीक हाताशी आलं आणि नगर परिषदेचा 'कोरडा दिवस' आला. डेंग्यूचे दिवस होते. आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी साठवण रिकामी करायची, म्हणजे डासाच्या अळ्या मरतात. सोनाजी नावाचा आरोग्य खात्याचा माणूस दारोदार फिरून रांजण उपडे करत होता. मी बाजारात गेलेली. परत आले तर गच्चीवरून पन्हाळीतून गल्लीत हिरवा ओघळ वाहत होता, आणि एक शेळी तो मोठ्या श्रद्धेनं चाटत होती.

"बाई, एवढं सडकं पाणी आमच्या नोकरीत न्हाई बघितलं," सोनाजी अभिमानानं म्हणाला. त्याला वाटत होतं मी आभार मानीन.

मी नगर परिषदेत गेले. म्हटलं, परवानगी आणते, मग बघते कोण हात लावतं. तिथल्या साहेबांनी विचारलं, हे नक्की काय आहे? शेती असेल तर कृषी खात्याकडं जा. कृषी खात्यात विचारलं, सातबारा कुठंय? गच्चीला सातबारा नसतो. मग पाण्यातलं आहे म्हणून मत्स्य खातं. ते हिंगोलीला. तिथल्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "ह्यात मासा कुठंय?" मासा नाही म्हटल्यावर त्यांना माझ्याबद्दल काही वाटेनासं झालं. अन्नाच्या खात्यात म्हणाले, विकणार असाल तर या, नवऱ्याला खाऊ घालण्यावर शासनाचं नियंत्रण नाही. शेवटी फिरून सोनाजीच्या साहेबाकडं. त्यांनाच माझी दया आली. त्यांनी कागदावर लिहिलं, 'हौद, शोभेचा.'

मी शिक्का मारलेला कागद घेऊन विजयी मुद्रेनं घरी आले. शोभेच्या हौदाला एक नियम असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नियम असा की शोभेच्या हौदात डासाच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचे. नगर परिषद ते फुकट देते. सोनाजी घरपोच देतो. मी घरी नसतानाच देतो.

परभणीहून आणलेल्या दुसऱ्या कॅनवर हौद पुन्हा हिरवा झाला होता. सोड्याच्या त्या पाण्यात मासा जगत नाही. सकाळी ढवळायला गेलेले हे जिन्यावरूनच ओरडले, "अगं ए, वर ये!" हौदावर चांदीच्या टिकल्यांसारखे बारके मासे उलटे तरंगत होते. दिवस एकादशीचा. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी पदरानं नाक धरून चहाच्या गाळणीनं एकेक मढं उचलत होते आणि पलीकडच्या गच्चीवरून मनकर्णाबाई आणि कोमल बघत होत्या.

"मासं मेलं," मनकर्णाबाई कोमलला हळू म्हणाल्या, म्हणजे मला ऐकू जाईल इतकं हळू. "आन् हेच पाणी त्या मानसाला पाजून राहिल्या."

हे रवीवर हनुवटी टेकून उभे होते. "मासे झाले," ते म्हणाले. "आता माझा नंबर."

आम्ही दोघंही हसलो. खूप हसलो. ते हसणं मी अजून जपून ठेवलंय.

तर पीक आलं. फडक्यातून गाळायचं, पिळायचं, हिरवा लगदा उरतो. चव म्हणाल तर ओली पाटी चाटल्यासारखी. मी तो ताकात घातला, भाकरीत घातला, कढीत घातला. कढीचा रंग बघून ह्यांनी आधी हात जोडले आणि मग वाटी उचलली. उपासाला चालतं का, असा प्रश्न निघाला. मनकर्णाबाईंनी निकाल दिला की शिंगाडा पाण्यातला आणि तो चालतो, तर हेही चालतं. शिवाय ते खाणं हाच उपास आहे.

एवढं करून साखर हलेना. का हलेना, ते मला एक दिवस पुनमचंदशेठच्या दुकानात कळलं. हे तिथं पोत्यामागं उभे राहून रेवड्या खात होते. मला बघून त्यांनी गाल असा फुगवला, जसं काही दात दुखतोय.

मग मी हातातलं काम टाकलं आणि गल्ली बांधून काढली. आधी घरातली साखर. कारखान्यातल्या कामगाराला दिवाळीला स्वस्तात साखर मिळते, ती पिशवी मी तशीच जवळा बाजारला भावाकडं पाठवून दिली. गूळ दिला, मध दिला, पोह्याच्या डब्यात कुणीतरी लपवलेले बत्तासेही सापडले. साखर कारखान्याच्या माणसाच्या घरात मुंगी यायची बंद झाली. मग दारोदार. प्रत्येकाकडून औंढ्याच्या नागनाथाची शपथ घेतली: ह्यांच्यासाठी म्हणून कुणीही मागितली, तरी आमच्या घराला चिमूटभरसुद्धा साखर द्यायची नाही.

शपथ घेऊन मी थांबले असते तर बरं होतं. पण नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. आठवड्यानं मी स्वतःच रिकामी वाटी घेऊन निघाले. चेहरा कासावीस केला, श्वास चढवला. "मनकर्णाबाई, जरा वाटीभर साखर द्या हो, ह्यांना चक्कर येऊन राहिली."

मनकर्णाबाईंनी बिचारीनं धावत वाटी भरून आणली. आणि मी ती वाटी त्यांच्यासमोर मोरीत ओतली.

"शपथ कुणाची घेतली होती?"

त्या दिवशी मनकर्णाबाईंना मी जे बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. नंतर मी त्याच वाटीनं आणखी दोन-तीनदा फेरी मारली, आणि एकानंही साखर दिली नाही. पुनमचंदशेठ तर वाटी बघितली की हसून कानाला हात लावायचे. गल्ली तयार झाली होती.

आणि साखर उतरायला लागली! रेवड्या थांबल्यामुळं का शेवाळामुळं, हा प्रश्न मी विचारला नाही. घरात साखर मोजायचं छोटं मशीन आणलं होतं, बोटाला टोचायचं आणि आकडा बघायचा. आकडा दर खेपेला खाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अंगठ्याच्या जखमेवर खपली धरली. मी तो अंगठा कोमललाही दाखवला. दागिना दाखवावा तसा.

यश आलं की माणसाला भाषण द्यावंसं वाटतं. आमच्या गल्लीच्या महिला मंडळात मी दिलं. शेवाळ, साखर, आणि शेवटी जाईनं सांगितलेलं पोटातल्या जंतूंचं. "आपल्या पोटात लाखो जंतू राहतात. ते आपले मित्र. त्यांना आपण चांगलं खाऊ घातलं, तर ते आपली साखर सांभाळतात. मी ह्यांच्या पोटातल्या जंतूंना रोज शेवाळ घालते."

टाळ्या कमी पडल्या. बायका एकमेकींकडं बघत होत्या. मला वाटलं, विषय अवघड आहे.

विषय अवघड नव्हता, एक उकार अवघड होता. मी म्हटलं जंतू, त्यांनी ऐकलं जंत. संध्याकाळपर्यंत पुनमचंदशेठच्या दुकानातनं बातमी गेली की काट्यावरच्या विश्वंभररावांच्या पोटात लाखो जंत झालेत, आणि बायको ते मारायचं सोडून त्यांना चारा घालून राहिली. कारखान्यात एका ट्रॉलीवाल्यानं ह्यांना काट्यावरच विचारलं, "बाबूजी, तुमचं वजन धरायचं का जंताचं येगळं?"

हे आयुष्यात मला फार कमी वेळा तोडून बोललेत. त्या दिवशी बोलले. "अगं, माझ्या पोटातलं तू बाजारात काहून मांडून राहिलीस? मला एक पोट तरी माझं राहू दे!" आणि चप्पल घालून बाहेर गेले.

गेले ते शेजारी. मनकर्णाबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं. त्यांचा माझ्यावर राग होता, ह्यांच्यावर माया होती, आणि जंतावर त्यांच्याजवळ उपाय होता. तो उपाय असा की आधी गुळाचा खडा द्यायचा, त्यानं जंत गोळा होतात, आणि मग वरून एरंडेलाचा दणका. "पर गूळ कसा देऊ," त्या मला पुढं रडत सांगत होत्या, "तुमी नागनाथाची शपथ घातल्याली. म्हनून नुसतं एरंडेलच दिलं." नुसतं म्हणजे पितळी पेलाभर.

दुसऱ्या दिवसभर ह्यांनी काही खाल्लं नाही, फक्त न्हाणीच्या फेऱ्या मारल्या. कशानं, ते मला सांगितलं नाही, अबोला होता. मला वाटलं, शेवाळ पोट साफ करून राहिलंय. व्हिडिओत तसं होतंच. त्याच्या पुढच्या सकाळी त्यांनी नेमानं साखर उतरवायची गोळी घेतली. गोळी घेतली की जेवलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी वाटीभर शेवाळाचं ताक दिलं. माझ्या हिशेबानं ते जेवणच होतं. प्रथिनं होती की त्यात.

थोड्या वेळानं हे पलंगावर बसल्या बसल्या घामानं निथळायला लागले. मग भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाले, "ट्रॉली मागं घे. मागं घे म्हनतो ना."

मला हसू आलं. म्हटलं, बोलले तर खरं. बोट धरून मशीनला लावलं. मशीननं आकडा दाखवलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं दाखवली: लो.

लो म्हणजे खाली, एवढं इंग्रजी मला येतं. इतकी खाली की मशीनला आकडा सापडेना! मी ते मशीन घेऊन गच्चीत धावले. "मनकर्णाबाई, उतरली! पार उतरली!"

"नागनाथ पावला वं माय," मनकर्णाबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. "शेवाळं न्हाई, माझ्या एरंडेलानं जंत पडलं म्हनून उतरली." आणि आम्ही दोघी तिथं, ऊन खात, कशानं उतरली यावर भांडलो. चांगल्या भांडलो. खाली हे घड्याळाशी बोलत होते.

मग मी ही खुशखबर द्यायला जाईला फोन लावला.

"लो म्हणजे किती आई?"

"लो म्हणजे लो. आकडाच न्हाई."

पलीकडून माझी लेक ओरडली, तशी ती लहानपणी विंचू चावला तेव्हा ओरडली होती. "आई, साखर दे बाबांना! आत्ता! साखर, गूळ, काय असेल ते तोंडात घाल, मरतील ते!"

काय असेल ते. मी सगळे डबे उघडले. मला माहीत होतं की काही नाही, तरी उघडले. शेवाळाचा लगदा होता. गच्चीवरून डोकावणाऱ्या कोमलला बोलावून ह्यांच्याजवळ बसवलं, वाटी घेतली आणि सुटले.

"मनकर्णाबाई, साखर द्या! ह्यांना चक्कर आली!"

मनकर्णाबाईंनी माझ्या हातातली वाटी बघितली. तीच वाटी. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "पुन्हा परीक्षा व्हय? न्हाई बाई, एकडाव फसले."

"खरंच आली हो!"

"मागल्या बारीबी खरंच आली व्हती. आत्ताच तर म्हनल्या उतरली म्हनून." आणि दार लावून घेतलं.

समोरच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी एका म्हाताऱ्या आजींनी माझी पाठ थोपटली. "पोरी, तुझ्यासारखी बायको पाहिजे." मी रडत होते, आणि जितकी रडत होते तितकी गल्लीला मी चांगली वठवतेय असं वाटत होतं. पुनमचंदशेठनी वाटी बघितल्याबरोबर कानाला हात लावला. "वहिनी, कसम म्हणजे कसम."

मी त्यांच्याशी बोलले नाही. दुकानात चढले, साखरेच्या उघड्या पोत्यात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले, पदर भरला आणि पळाले. मागून पुनमचंदशेठचा आवाज आला, "अरे, खरंच नेली!" वसमतच्या भर गल्लीत, एका सज्जन माणसाच्या बायकोनं दिवसाढवळ्या साखर चोरली. पदरातून ती सांडत होती. लोक दारात येऊन बघत होते.

घरी कोमल ओरडत होती. ह्यांचे दात घट्ट मिटलेले. मी बोटानं साखर हिरड्यांना चोळली, ओठांच्या आत दाबली. जेवढी आत गेली त्याहून जास्त उशीवर पडली. रिक्षा आली, मनकर्णाबाई अनवाणी धावत आल्या, त्यांच्या हातात मुठीएवढा गुळाचा खडा होता आणि तो त्या मलाच देत होत्या. आधी वसमतचा दवाखाना, तिथं शिरेतनं ग्लुकोज, मग नांदेड.

नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं, "असे किती वेळ होते?"

मी मनात वेळ लावून बघितला. त्यातला काही गच्चीवर गेला होता, शेवाळ श्रेष्ठ का एरंडेल यात. काही गल्लीत. "थोडा वेळ," मी म्हटलं. डॉक्टरांनी मान हलवली. "मेंदूला साखर लागते बाई. थोडा वेळसुद्धा पुष्कळ असतो."

मशीन अजून माझ्या पिशवीत होतं. पुनमचंदशेठ भेटायला आले होते, त्यांनी ते हातात घेतलं. त्यांच्या घरी बोलणं हिंदीतच. "वहिनी, ये तो बराबर बोल रहा था," ते अगदी साधेपणानं म्हणाले. "लो. म्हणजे घ्या." मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

हे वाचले. डोळे उघडले, हळूहळू बोलायला लागले, चालायला लागले. जाई आली, तिला ओळखलं. कारखान्यातले लोक आले, त्यांना नावानिशी ओळखलं. आकडे मात्र हातातनं सुटतात, म्हणून काट्यावर आता दुसरा माणूस बसतो. पाय शाबूत आहे. ती जखम इतकी छान भरली की कुठं होती ते शोधावं लागतं. मी मागितलं होतं तेवढं सगळं मिळालं.

मलाही ओळखतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "ह्या आमच्या मिसेस." पण मला अगं म्हणत नाहीत. तुमी म्हणतात. दवाखान्यात पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला वाटलं, नर्सशी बोलतायत. मी मागं वळून बघितलं. "तुमी बसा की. किती येळच्या उभ्या हायेत." डॉक्टर म्हणाले, येईल परत, काही येतं, काही येत नाही. गल्लीतल्या बायकांना ह्याचं भारी कौतुक. "कसे मानानं बोलतात हो," कोमल म्हणते. "आमच्याकडं तर ए शिवाय हाकच न्हाई." मनकर्णाबाई मात्र रोज एक वाटी काहीतरी पाठवतात आणि वाटी परत न्यायला येत नाहीत.

हौद मी मोडला. विटा रचून ठेवल्या. सोनाजी आला होता, त्यानं कागदावर 'शोभेचा हौद, बंद' अशी नोंद केली आणि जाताना चपला हातात घेऊन गेला, कशाला कुणास ठाऊक.

काल मला राहवलं नाही. आमच्या ह्यांचा एक स्वभाव होता, मीठ जरा इकडचं तिकडं झालं की ताट सरकवायचे आणि "अगं, डोळे कुठं होते तुझे?" म्हणून स्वयंपाकघरापर्यंत यायचे. मी वांग्याच्या भाजीत मुद्दाम मूठभर मीठ घातलं. चाखून बघितलं, माझी जीभ आखडली. तशीच वाढली. समोर बसले आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

त्यांनी पहिला घास घेतला. थांबले. डोळ्यांत पाणी आलं, ते मला दिसलं. मी म्हटलं, आता. आता बोला. वाट्टेल ते बोला.

त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले, आणि मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "चांगली झालीय हो. तुमी कशाला एवढी तकलीफ घेतली?"

आणि माझा मान राखायला आणखी थोडी वाढून घेतली.